जांभळं पिवळं होईना

वाचकांचे प्रश्न : खारफुटीच्या पानांतल्या बुरशी

खारफुटीच्या पानांच्या आत झाडाला काही त्रास न देता राहणाऱ्या बुरशी, म्हणजे एंडोफाइट, आणि त्यांच्यापासून मिळणारी अँटिऑक्सिडंट संयुगं, या विषयावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेते आहे. त्यांत येणारी डीपीपीएच चाचणी अशी : डीपीपीएच हे जांभळं रसायन, अँटिऑक्सिडंट भेटलं की त्याचा जांभळा रंग उडून ते पिवळं होतं, आणि किती टक्के रंग उडाला ते मोजायचं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातल्या प्रश्नाने मला स्वतःलाही एकेकाळी खूप छळलं होतं.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानांतून १४ बुरशी वेगळ्या केल्या. त्यांतली एक करडी-काळी आहे, तिला बीजाणूच येत नाहीत. बटाटा-डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, वाढवून इथाइल अ‍ॅसिटेटने अर्क काढला, तर डीपीपीएच चाचणीत ८८ टक्के आले. तीन महिन्यांनी तीच बुरशी पुन्हा वाढवली तर ३१, आणि परवा २७. रसायनं तीच, तापमान तेच. प्रबंधात कोणता आकडा लिहू?

तिन्ही लिही. प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिही आणि ती बुरशी पानातून काढल्यापासून कितव्यांदा सबकल्चर केलेली, म्हणजे जुन्या प्लेटवरून नव्या माध्यमावर नेलेली, होती तेही लिही. हा दुसरा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

पण बुरशीला दोष देण्याआधी मी तुझ्या ८८ या आकड्यावर संशय घेईन. बुरशी न टाकलेला ब्रॉथ तू त्याच दिवशी, तेवढेच दिवस ठेवून, त्याच पद्धतीने इथाइल अ‍ॅसिटेटने काढून तपासला होतास का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. बटाट्यात क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि ते स्वतःच चांगलं अँटिऑक्सिडंट आहे. शिवाय ब्रॉथ १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केला, की साखर आणि अमिनो आम्लं यांची गाठ पडून तो पिवळसर-तपकिरी होतो. ही तपकिरी द्रव्यंही डीपीपीएचचा जांभळा रंग उडवतात. ऑटोक्लेव्ह थोडा जास्त वेळ चालला तर ती जास्त तयार होतात.

मी ही ठेच खाल्लेली आहे. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या पानांतल्या बारा बुरशी तपासत होते आणि बाराही जणींचे आकडे एकमेकींना अगदी लागून येत होते. बुरशी वेगळ्या, त्यांचे रंग वेगळे, वाढीचा वेग वेगळा, मग आकडा एकच कसा? आधी मला त्याचा आनंद झाला होता, मग भीती वाटायला लागली. कोरा ब्रॉथ तपासला तर त्याचा आकडा त्या बाराजणींपेक्षा जेमतेम थोडा कमी. बारा बुरशींच्या नावावर मी बटाट्याचा गुण लिहीत होते. सगळं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून कोऱ्या माध्यमाचा फ्लास्क मी सगळ्यांत आधी भरते आणि त्याला पहिला क्रमांक देते, म्हणजे तो राहून जात नाही.

आता ३१ आणि २७ कडे ये. त्यांवरही लगेच विश्वास ठेवू नकोस. तुझी बुरशी काळपट आहे, तेव्हा अर्कही तपकिरी असणार. डीपीपीएच आपण ५१७ नॅनोमीटरवर मोजतो आणि तिथे तपकिरी अर्क स्वतःच थोडा प्रकाश शोषतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरला तो रंग कुणाचा हे कळत नाही. जांभळं उडालेलं असूनही आकडा पडलेला दिसतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेसाठी एक जादा नळी लाव : अर्क तेवढाच, पण डीपीपीएचच्या ऐवजी नुसतं मिथेनॉल. तिचं मोजमाप मूळ मोजमापातून वजा कर. जुनी बुरशी जास्त काळी पडली असेल तर या एका वजाबाकीने तुझे ३१ बरेच वर सरकतील.

शिवाय ८८ टक्के हे किती अर्काला? एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असताना आलेले ८८ आणि १०० मायक्रोग्रॅम असताना आलेले ८८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुटा टक्का लिहूच नकोस. पाच-सहा तीव्रता घे, आलेख काढ, निम्मा रंग उडवायला किती लागलं ते म्हणजे आयसी-५० काढ, आणि त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या डीपीपीएचवर अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचंही काढ. ही चाचणी मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडली आणि ती इतकी सोपी आहे की सगळे करतात, पण डीपीपीएच ताजं लागतं. १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिलिमोलर. बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, मिसळल्यावर ३० मिनिटं अंधारात ठेवायचं. मागच्या आठवड्याचं फिकं पडलेलं द्रावण वापरून केलेली तुलना ही तुलनाच नाही.

हे सगळं करूनही आकडा खालीच राहिला, तर मग बुरशी खरोखर मंदावली आहे असं समज. असं होतं, आणि खूपदा होतं. तिवराच्या पानात तिच्या भोवती मीठ असतं, कडक ऊन असतं, झाडाची स्वतःची फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात, शेजारी दुसरे सूक्ष्मजीव असतात. प्लेटवर यातलं काहीच नसतं. साखर भरपूर, शेजारी कुणी नाही. अशा ठिकाणी अँटिऑक्सिडंट द्रव्यं बनवण्यावर शक्ती घालवण्याचं तिला कारण उरत नाही आणि ती द्रव्यं बनवणारे जनुकांचे गट गप्प होतात. त्यात आपण आणखी एक गोष्ट नकळत करतो. सबकल्चर करताना दर वेळी वसाहतीची कड उचलतो, कारण तिथे वाढ ताजी असते. जो भाग द्रव्यं बनवण्यात वेळ न घालवता भराभर धावतो, तोच कडेला आधी पोचतो. पाच-सहा वेळा असं केलं की आपणच निवडून निवडून आळशी बुरशी शिल्लक ठेवलेली असते.

पहिली प्लेट किंवा पहिली नळी फ्रीजमध्ये आहे का बघ. असली तर तिच्यातूनच पुन्हा सुरू कर. यापुढे बुरशी शुद्ध झाली की त्याच दिवशी तिचा साठा करून ठेवायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. दोन पद्धती मी बरोबरीने वापरते. एक, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर. दुसरी आल्डो कॅस्टेलानी यांनी १९३९ मध्ये सांगितलेली, तिला डीप फ्रीझर लागत नाही : कोवळ्या वसाहतीचे ५-६ मिलिमीटरचे तुकडे खालच्या आगरसकट, म्हणजे प्लेटमधल्या घट्ट माध्यमासकट, कापायचे, निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या छोट्या बाटलीत पाच-सहा टाकायचे, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवून द्यायचं. नुसत्या पाण्यात बुरशी वाढत नाही आणि मरतही नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. तुझ्यासारख्या बीजाणू न धरणाऱ्या बुरशींसाठी तर मला ही पद्धत फारच आवडते. प्रत्येक फ्लास्क या बाटलीतूनच सुरू करायचा, आदल्या प्लेटवरून नाही.

पहिली नळी उरलीच नसेल तर तिला पुन्हा जागं करून बघ. माध्यम बदल, अर्धं समुद्राचं पाणी घाल, हलवत होतीस तर स्थिर ठेव. गटिंगेन इथल्या अ‍ॅक्सेल त्सीक यांच्या गटाने २००२ मध्ये हे नीट मांडून दाखवलं की एकच बुरशी वाढीच्या अटी बदलल्या की निरनिराळी संयुगं देते. तिवराच्याच पानांचा पाण्यातला अर्क थोडा घालूनही बघ, यजमान झाडाची चाहूल लागली की काही बुरशी पुन्हा कामाला लागतात. मात्र पानाच्या अर्कात स्वतःचीच अँटिऑक्सिडंट असतात, तेव्हा पानाचा अर्क घातलेला पण बुरशी न टाकलेला फ्लास्क शेजारी हवाच. ५-अ‍ॅझासायटिडिनसारखी रसायनं घालून गप्प जनुकं जागी करण्याचा मार्गही आहे. पण ते रसायन विषारी आहे, मार्गदर्शक शेजारी असतानाच हात लाव.

तिची ओळख पटवायला तिच्या डीएनएतल्या आयटीएस भागाचा क्रम काढून घे. पण फ्युजॅरियम, कोलेटोट्रायकम, डायापोर्थे यांसारख्या वंशांत नुसत्या आयटीएसवरून जात ठरत नाही, तेव्हा दुसरा जनुक बघितल्याशिवाय वंशाच्या पुढे जाऊ नकोस. बीजाणूंसाठी एक सोपी युक्ती : पाणी-आगरवर यजमान झाडाच्या पानाचे निर्जंतुक केलेले तुकडे ठेव, त्यांवर बुरशी लाव आणि प्लेट काही आठवडे दिवस-रात्रीच्या उजेडात राहू दे. गोड प्लेटवर हटून बसलेल्या कितीतरी बुरशी पानाच्या तुकड्यावर काळे ठिपके, म्हणजे बीजाणूंची घरं, धरतात.

प्रश्न : आमच्या पदवी महाविद्यालयात साधी प्रयोगशाळा आहे. विद्यार्थ्यांकडून खारफुटीच्या पानांतल्या बुरशी वाढवून घ्याव्यात असा विचार आहे. पण तिसऱ्याच दिवशी प्लेट हिरव्या-काळ्या बुरशीने भरून जाते. ही पानाच्या आतली की वरची धूळ, हे कसं ओळखायचं?

सर, तिसऱ्या दिवशी प्लेट भरली तर ती वरचीच आहे असं समजून टाकून द्या. पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलस पानाच्या आतूनही निघतात हे खरं, पण ते आतून आले असतील तर त्याचा पुरावा आपल्याकडे हवा. तो पुरावा शेवटच्या धुण्याच्या पाण्यात मिळतो.

खारफुटीचं पान धुणं हे साध्या पानापेक्षा कठीण काम आहे. तिवराचं पान उलटं करून भिंगाखाली बघायला सांगा विद्यार्थ्यांना. पांढुरकी, दाट लव दिसेल आणि त्यात मिठाचे स्फटिक अडकलेले दिसतील, कारण तिवर जादा मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं. तसं पान सरळ हायपोक्लोराइटमध्ये बुडवलं तर लवेत हवेचे बुडबुडे धरून राहतात आणि पान चांदीसारखं चकाकतं. जिथे चकाकतं तिथे औषध पोचलेलंच नसतं. कांदळाच्या पानाला अशी लव नाही, पण वरचा मेणाचा थर जाड.

म्हणून आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून मीठ आणि चिखल घालवा. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, त्याने लव भिजते आणि चकाकी जाते. मग सुमारे ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन-तीन मिनिटं, त्यात ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचा एक थेंब. पुन्हा अल्कोहोलमध्ये अर्धं मिनिट. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. हायपोक्लोराइटची बाटली नवी हवी. बरेच महिने उघडून ठेवलेल्या बाटलीतला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि लेबलवरचा टक्का तेवढा शिल्लक असतो. तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या बुरशीचं कारण बहुधा या बाटलीतच सापडेल.

तिसऱ्या धुण्याचं पाणी ओतून देऊ नका. त्यातलं १०० मायक्रोलिटर एका प्लेटवर पसरा. धुतलेलं अख्खं पान दुसऱ्या प्लेटवर दोन्ही बाजूंनी हलकं दाबून उचलून घ्या. या दोन प्लेट जर १५ दिवस कोऱ्या राहिल्या, तरच त्या दिवसाच्या बाकीच्या प्लेट मोजायच्या. या दोहोंत काही उगवलं तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट बाद. विद्यार्थ्यांच्या जिवावर येतं, पण सूट देऊ नका.

पानाचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करा, कडा ताज्या पात्याने कापलेल्या हव्यात. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घाला, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास. ते ऑटोक्लेव्हमध्ये टिकतं, त्यामुळे आधीच घालता येतं. स्ट्रेप्टोमायसिन वापरणार असाल तर माध्यम थंड होऊन हाताला सोसवेल इतकं झाल्यावरच. २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि तीन-चार आठवडे धीर धरा.

खरी एंडोफाइट कशी निघते ते एकदा बघितलं की विसरत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत काहीच नसतं. मग एका सकाळी कापलेल्या कडेतून, नेमक्या शिरेच्या तोंडाशी, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक असे दोन-तीन धागे आगरवर आडवे पडलेले दिसतात. प्लेट उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय ते दिसत नाहीत. पानाच्या वरच्या सपाट भागावर काही नसतं, जे निघतं ते कडेतून. त्याच दिवशी धाग्याचं टोक उचलून नव्या प्लेटवर न्या. दोन दिवस थांबलात तर शेजारच्या तुकड्यातली वेगवान बुरशी त्याच्यावरून जाईल.

पानं कोवळी घेऊ नका. यांतल्या बहुतेक बुरशी झाडाच्या बीजातून येत नाहीत, हवेतून आणि पावसातून पानावर उतरून आत शिरतात, त्यामुळे जून पानाला जास्त वेळ मिळालेला असतो. व्ही. कुमरेसन आणि टी. एस. सूर्यनारायणन यांनी रायझोफोरा अ‍ॅपिक्युलाटा या खारफुटीच्या झाडाच्या कोवळ्या, जून आणि पिकल्या पानांवर केलेलं काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. वयाबरोबर पानातली बुरशी वाढते हे त्यात स्पष्ट दिसतं, आणि पान गळून पडल्यावर ते कुजवण्याचं काम याच बुरशी सुरू करतात असाही त्याचा रोख आहे. विद्यार्थ्यांना तो भाग जरूर सांगा. पानं तोडल्यापासून २४ तासांच्या आत प्लेटवर जायला हवीत. आणि खारफुटी संरक्षित असते, म्हणून परवानगी आधी हातात घ्या. पाच झाडांची दोन-दोन पानं एका वर्गाला पुष्कळ होतात.

प्रश्न : बुरशी तांदळावर वाढवावी की ब्रॉथमध्ये?

पहिली पाहणी ब्रॉथमध्ये, कारण बऱ्याच बुरशी एकदम बघता येतात. एखादी हाती लागली की तिला तांदळावर न्या. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम तांदूळ, तेवढंच पाणी, रात्रभर भिजवून ऑटोक्लेव्ह, मग तीन-चार आठवडे न हलवता. दाण्यावर चिकटून वाढताना बुरशी बरेचदा जास्त संयुगं देते आणि अर्कही भरपूर निघतो. पण त्या अर्कात तांदळातला स्निग्धांश येतो, तो हेक्झेनने आधी काढून टाका. बुरशी न लावलेल्या तांदळाचा फ्लास्क ठेवायचा, हे आता वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. अँटिऑक्सिडंट शरीराला चांगली असं सगळीकडे वाचतो. खारफुटीच्या पानातली बुरशी घरी काचेच्या बरणीत वाढवायला घेतली आहे. तिचा अर्क रोज थोडा घेतला तर चालेल का?

नाही. कृपा करून घेऊ नका.

बरणीत नेमकी कोणती बुरशी वाढते आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येणार नाही. पिवळसर-हिरवी दिसणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते. ती अफ्लाटॉक्सिन बनवते, त्याने यकृताचा कर्करोग होतो. अ‍ॅस्परजिलसच्याच काही जाती कोजिक आम्ल हे चांगलं अँटिऑक्सिडंट देतात. एकाच बरणीत दोन्ही असू शकतात, आणि उकळल्याने अफ्लाटॉक्सिन जात नाही.

अर्कातलं एखादं संयुग खरोखर गुणी निघालं तरी तिथून औषधापर्यंतचा रस्ता लांब असतो. गॅरी स्ट्रोबेल यांच्या गटाने पापुआ न्यू गिनीतल्या एका झाडातल्या पेस्टॅलोटिऑप्सिस मायक्रोस्पोरा या बुरशीतून पेस्टॅसिन नावाचं संयुग काढलं. २००३ मध्ये त्याची माहिती आली. प्रयोगशाळेत ते ट्रोलॉक्स या नेहमीच्या प्रमाणित अँटिऑक्सिडंटपेक्षा निदान दहापट प्रभावी ठरलं. शुद्ध केलेलं, रचना पक्की कळलेलं संयुग आहे, तरीही नळीतला हा आकडा म्हणजे औषध नव्हे. नळीत जांभळं पिवळं होतं तेव्हा मिथेनॉलमध्ये एक रासायनिक क्रिया झाली एवढंच कळतं. पोटात ते टिकेल का, रक्तात उतरेल का, पेशीत काय करेल, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत. बीटा-कॅरोटीन तर ओळखीचं अँटिऑक्सिडंट. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. ते शुद्ध रसायन होतं, मोजून दिलेलं होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं.

तुमची उत्सुकता मला मनापासून आवडली, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. आता त्या बरणीचं झाकण उघडू नका, वास घेऊन बघू नका, आणि बेसिनमध्ये ओतू नका. झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळा, दोन प्लास्टिक पिशव्यांत घाला आणि एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नेऊन द्या. आत काय आहे ते खरं सांगा. ते लोक १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच ती टाकतील.